पांढरी प्लेट आणि नवी दारू

१९ जानेवारी
पाय प्लास्टरमध्ये, बाहेर कमरेएवढं बर्फ, आणि मी लेकाच्या तळघरात. एक खिडकी आहे. तिच्यातून कुंपण दिसतं आणि कुंपणावर बसणारा एक काळा-पांढरा मॅगपाय पक्षी. तोही मला बघून कंटाळला असणार.

जेवताना डेल्मर म्हणाला, "आई, डोंगरातल्या घरी एकटीनं राहणं आता पुरे. बंदूक माझ्या तिजोरीत ठेवू." सून ट्रूडी बटाटे वाढत होती.
"का रे?"
"डोळे गेलेत तुझे."
म्हटलं, लाव मग प्लेट! आमच्या घरचा नियमच आहे — एल्क हरणाच्या शिकारीआधी प्रत्येकानं कुंपणाला टांगलेल्या कागदी प्लेटवर गोळी झाडायची. लागली तर डोंगरात, नाही तर घरी. माझ्या नवऱ्याला, एमेटलाही सूट नव्हती. एका वर्षी चुकला तर हंगामभर भांडी घासली बिचाऱ्यानं. सगळी चिकट राहायची.

तर ठरलं. बर्फ वितळलं की माझी परीक्षा. लागली तर माझं घर आणि माझी बंदूक. चुकली तर हे तळघर, कायमचं.

२२ जानेवारी
नेम धरीन, पण काडतुसं कुठेयत? आमची दारू — बंदुकीची हो! — गेलं वर्षभर दुकानात येत नाही. रिकाम्या पुंगळ्यांत मी जन्मभर तीच भरत आले. दुकानदार फोनवर म्हणाला, "आजी, तिला विसरा. दुसरी बघा."

दुसरी म्हणजे नवा संसार. जुनं माप तिला चालत नाही. काडतुसं भरायच्या पुस्तकातल्या सगळ्यात खालच्या मापापासून सुरुवात करायची आणि जपून वर जायचं. घाई केली तर बंदूक तोंडावर फुटते. मला थंडीत बिघडत नाही अशी हवी. काही दारू उन्हात एक वागते, गारठ्यात दुसरं — माझ्या धाकट्या बहिणीसारखी. एक ठरवली. डेल्मरला कागदावर मोठ्ठ्या अक्षरांत लिहून दिली. माझी शाळा चौथीत सुटली, पण अक्षर छान आहे.

३० जानेवारी
चुकीचा डबा घेऊन आला! दारूच्या नावातला अंक तोच, पण अंकाआधीची अक्षरं निराळी. म्हणजे बनवणारा निराळा, दारूही निराळी.
"अंक तोच आहे ना? मग?"
बापानं लहानपणापासून शिकवलेल्या पोरानं हे बोलावं! म्हटलं, "एमेटनं ऐकलं असतं तर थडग्यातून उठून आला असता."
"मग तूच जा."
"जाते. हा पाय तेवढा कापून दे."
ट्रूडी हसली. तो नाही हसला. शेवटी ट्रूडीच गाडी काढून गेली आणि बरोबर डबा घेऊन आली. हल्ली गाडी तीच चालवते. डेल्मरला बर्फात वैताग येतो म्हणे.

६ फेब्रुवारी
रोजचा सराव सुरू. बंदूक रिकामी — दोनदा बघते, मग तिसऱ्यांदा. तोंड दगडी भिंतीकडे. नळीवर एक छोटं नाणं ठेवायचं आणि चाप असा ओढायचा की नाणं हलता कामा नये. आज बरेचदा पडलं. एकदा ट्रूडीनं आणून ठेवलेल्या पॅनकेकवर पडलं.
"आई, पाकात पैसे?"
"बक्षिशी समज, पोरी."

७ फेब्रुवारी
एकदाही पडलं नाही.

९ मार्च
प्लास्टर निघालं. पाय कोंबडीच्या तंगडीसारखा दिसतो! काडतुसं भरायला बसले. टेबलावर एका वेळी एकच डबा उघडा, हा एमेटचा नियम. नवी दारू म्हणजे पेन्सिलीच्या शिशाचे बारीक तुकडे जसे. जुनी खसखशीसारखी होती. तिचा वास अजून आठवतो.

डेल्मरला म्हटलं, जरा तराजूचा काटा बघ. "तूच बघ, आई, मला कंटाळा येतो." तेवढ्यात कुंपणाशी हरणी आली, पोटुशी. मी म्हटलं, बघ बघ. तो म्हणाला, "हो, छान आहे." बघत होता भलतीकडेच, अंगणातल्या कोठीकडे. पोरांना कशाचंच कौतुक उरलं नाही.

२ एप्रिल
खालच्या मापाची काडतुसं मातीच्या ढिगावर उडवून बघितली. शांत, शहाणी दारू. थोडी चढवली, तरी शहाणी. आता पुरे. मला एल्क पाडायचाय, डोंगर नाही. सामान बांधायला घेतलंय.

१९ एप्रिल
लागली!!! तिन्ही गोळ्या प्लेटच्या आत, एक तर अगदी मधोमध. ट्रूडीनं मला ओट्यावरच मिठी मारली. डेल्मर म्हणाला, "शाब्बास, आई," आणि टोपी खाली ओढली. मी प्लेट उशाशी ठेवलीय. बॅगही बांधून दाराशी. उद्या डेल्मरची पाळी, मग तो आणि ट्रूडी मला घरी पोचवणार. नियम म्हणजे नियम. चुकला तर भांडी त्याच्याकडे!

२० एप्रिल
नवी प्लेट मीच टांगली. ऊन लख्ख. ट्रूडी आत होती. डेल्मर आडवा झाला, बंदुकीवरच्या दुर्बिणीला डोळा लावला आणि बराच वेळ तसाच राहिला. मग हळूच म्हणाला, "आई, प्लेट टांगलीयस ना?"
प्लेट समोर होती. पांढरी, हलत नव्हती.
मी म्हटलं, "वाऱ्यानं पडली वाटतं रे. ऊठ, कॉफी घेऊ."
रात्री बॅग उघडून कपडे परत कपाटात लावले.