शून्य बोलीची भिशी

३ ऑगस्ट २०२१
गाइड सरांनी प्रकरण ३ परत केलं. व्याजदर शून्याला टेकल्यावर बाजारात आणखी पैसा ओतून उपयोग होतो का, यावर चाळीस पानं. "सगळी उदाहरणं जपानची. तुझ्या गल्लीत काय होतं ते लिही." १४ ला सेमिनार. नाय जमला तर पीएचडी सहा महिने लांबणार. आमच्या पुंडलिकनगरात कसला आलाय शून्य व्याजदर. डोकं फिरलंय.

५ ऑगस्ट
सापडलं! स्वयंपाकघरात!
आईची लिलावाची भिशी आज आमच्याकडं. बारा बायका. जिला गरज ती बोली लावते, जास्त रक्कम सोडेल तिला भिशी, सोडलेलं बाकीच्यांत वाटायचं. म्हणजे व्याजच की. आज कुणी बोलेना. आई म्हणाली, "काही सोडू नका, तशीच घ्या." म्हणजे व्याज शून्य, तरी कुणी घेईना. शेजारच्या शाहीन खाला युनिफॉर्म शिवतात. म्हणाल्या, "स्कूल बंद है, पैसे लेके क्या करूं?" मी पोह्यांच्या बश्या तशाच ठेवून वही आणायला पळाले.

७ ऑगस्ट
लई लिहिलं. आई मात्र भिशीची वही घेऊन बसलीय. अकरा वर्षांची भिशी मोडते म्हणून रडवेली झालीय, अन् मी आनंदात. लाज वाटली.

९ ऑगस्ट
आई ग्रेट आहे. सगळ्यांना फोन केले: आता जी घेईल, तिनं पुढचे हप्ते संक्रांतीनंतर भरायचे. दुपारी शाहीन खाला आल्या, भिशी घेतली. नवीन मशीन घेणार म्हणे. अगं हेच तर! दर आणखी खाली जात नसला की पुढचं वचन द्यायचं. देशोदेशीच्या मध्यवर्ती बँका करतात ते आईनं एका दुपारीत केलं. आज जेवायचं सुद्धा विसरले.

१२ ऑगस्ट
सर वाचता वाचता उठून उभे राहिले. लई खूश. मग म्हणाले, "वचनामुळंच घेतली का? विचारलंस त्यांना?"
नाय विचारलं. इतकं साधं कसं सुचलं नाही मला.

१३ ऑगस्ट
शाहीन खालांकडं गेले. मशीन जुनीच. नवीन कुठंय, विचारलं. त्यांनी कपाट उघडलं. पैसे रुमालात, गाठ तशीच.
"शाळाच बंद, मशीन कशाला बेटा? तुझी आई लई उदास होती, बघवलं नाय म्हणून घेतले. तिला सांगू नको हां."
सांगितलं नाय. घरी येऊन प्रकरण उघडलं. खरं तर आता जास्त भारी झालंय: वचन देऊनही पैसा कपाटातच पडून. पण आईची युक्ती चालली नाही असं लिहावं लागणार.
सेमिनार उद्या अकराला, ऑनलाइन. आईनं साडी इस्त्री करून ठेवलीय, शेजारी बसून ऐकणार आहे. शाहीनलाही बोलावलंय म्हणाली.