डोस वाढवण्याआधी

अरे,
बाळाला लस द्यायला नेतेय. सुई म्हटलं की तुला घाम फुटतो, म्हणून थांबले नाही.

ढब्बूचा रिपोर्ट आलाय. मला वाटायचं, बोका दवाखान्यात घाबरतो म्हणून साखर चढते. पण या तपासणीत मागच्या दोन-तीन आठवड्यांची सरासरी कळते, आणि ती फारच जास्त आहे. डॉक्टर संध्याकाळी तुला फोन करून इन्सुलिनचा डोस वाढवायला सांगणार आहेत.

सकाळचं इंजेक्शन मीच देते. संध्याकाळचं तू "दिलं गं बाई" म्हणतोस. ते नुसतं केसांत जात असेल, किंवा राहूनच जात असेल, तर डॉक्टरांना खरं सांग. वाढवलेला डोस मी नीट टोचला, तर साखर एकदम उतरून ढब्बू माझ्याच हातून जाईल.

मला नाही सांगितलंस तरी चालेल. त्यांना सांग.