नव्या खोलीतला आरसा

माय, अमरावतीहून तुही आचल पाया पडते.

फोन बाबाजवळ असते, म्हणून पत्र लिहून राहिली. खोली मस्त हाये. खिडकीत मोगरा ठेवला, पिवळे पडदे मीच शिवले. जेवणही वेळेवर होते.

काल आरसा लावला. घरमालकीण म्हणे, "पोरी, लय खाली ठोकून राहिली खिळा." म्या म्हटलं, "राहू द्या, बरोबर हाये."

आपल्या घरी आरसा बाबाच्या उंचीवर हाये. तू जलमभर अंदाजानंच कुंकू लावलं. इथं मी वाकून भांग पाडते.

नोकरीसाठी एकटी राहते म्हणून बाबा अजून रागात हायेत काय? असू दे, तू येजो. येतानी कुंकू लावून येऊ नको. इथं लावजो, आरशात पाहून.

तुही,
आचल