पाणबुडी बघून आल्यावर

४ फेब्रुवारी, रविवार

जीभ झडली असती तर बरं झालं असतं माझी!

आज बाबांना पाणबुडी दाखवायला नेलं. कितीतरी दिवस एकच धोशा — "बंदरातली ती जुनी पाणबुडी बघायचीय." जन्मभर बसमध्ये कंडक्टरी केली, समुद्राशी संबंध शून्य! म्हातारपण म्हणजे दुसरं बालपण, म्हणून मी हसले. धाकट्या बहिणीलाही बोलावून घेतलं.

आत शिरताना गोल दारावर बाबांचं डोकं आपटलं. तरी कपाळ चोळत ओरडले, "पुढे सरका, पुढे रिकामं आहे!" सगळी रांग हसली. माहिती सांगायला एक निवृत्त खलाशी होता, तो तर यांच्यावर खूशच. मग बाबांचे प्रश्न सुरू. इंजिनाबद्दल नाही, पाणतीराबद्दल नाही — झोपायच्या फळ्यांबद्दल! एकावर एक टांगलेल्या, जेमतेम कूस वळता येईल एवढ्या.

"उंच माणसानं काय करायचं हो?"

"पाय दुमडायचे. आठवड्यात सवय होते."

"आणि चष्मा?"

"बुटात."

दोरी ओलांडून चक्क आडवे झाले फळीवर. "बाबा, उठा! लोक बघतायत," मी खेकसले. खलाशी म्हणाला, "राहू द्या हो, फळी काही झिजत नाही."

ते तिथेच, पुढच्या खोलीत रमले, आम्ही दोघी मधल्या खोलीत परत आलो. तिथे भिंतीला एक पितळी कर्णा आहे. त्यात बोललं की नळीतून अगदी पुढच्या खोलीत ऐकू जायचं म्हणे. त्याच्या शेजारीच टेकलो. धाकटीनं विचारलं, "दुकानाची जागा सोडतेयस, मग शिलाईची मशिनं कुठे ठेवणार?"

"बाबांच्या खोलीत. त्यांना कोठीत हलवते. सुतार कोठी मोजून गेलाय. मी दुकानात होते तेव्हा आला, पण त्याला बजावून ठेवलं होतं — बाबांनी विचारलं तर सामानासाठी फळ्या म्हणायचं."

"कोठीत? तिथे खिडकी तरी आहे का गं?"

आणि मी म्हटलं — मीच म्हटलं हे — "झोपायलाच तर लागते जागा. अजून वर्षं ती किती राहिलीत त्यांची?"

पुढच्या खोलीत गेलो तर बाबा तिथल्या कर्ण्याला कान लावून उभे! मला बघून सरळ झाले. "मजा आहे," एवढंच म्हणाले.

५ फेब्रुवारी, सोमवार

ऐकलं. नक्की ऐकलं. आज मी त्यांच्या चहात साखर घालायला विसरले. एरवी बाबांनी घर डोक्यावर घेतलं असतं. निमूटपणे प्यायले आणि कप विसळून ठेवला.

७ फेब्रुवारी, बुधवार

दुपारी त्यांच्या खोलीत डोकावले. एवढा उंच माणूस, गुडघे पोटाशी घेऊन झोपलेला. पलंग अर्धा रिकामा. चष्मा चपलेत! डोक्यावर परिणाम झाला की काय?

आई गेल्यावर मीच हट्टानं आणलं होतं त्यांना. "ही खोली तुमची, बाबा. कुणी हलवणार नाही." हेही मीच म्हटलेलं. तेव्हा तोंडात साखर होती माझ्या.

नवरा म्हणतो, "सरळ विचार ना. बाबा आहेत, वाघ नाही." वाघ परवडला. वाघाला तोंड दाखवावं लागत नाही.

९ फेब्रुवारी, शुक्रवार

बाबांनी कपाट आवरलं. दोन स्वेटर, जुना कोट, सगळं वॉचमनला देऊन टाकलं. का, विचारलं तर — "लगेज फार झालं होतं." माझ्याकडे बघून हसलेसुद्धा. मला भाजी चिरायचं निमित्त मिळालं, आत पळाले.

१० फेब्रुवारी, शनिवार

राहवेना. एकटीच पुन्हा पाणबुडीवर गेले. खलाशानं ओळखलं. "आज कंडक्टरसाहेब नाहीत?" मी आडून आडून विचारलं — त्या कर्ण्यातून कितपत ऐकू येतं हो?

तो हसायलाच लागला. "काही नाही! रंग देताना नळीत बोळा कोंबला होता, तो निघालाच नाही. सगळे कान लावतात, मी काही बोलत नाही. कशाला हिरमोड करायचा?"

खात्री म्हणून त्याला पुढच्या खोलीत उभं केलं आणि कर्ण्यात तोंड घालून ओरडले. ढिम्म! काही ऐकू गेलं नाही.

सुटले! नाचावंसं वाटलं तिथेच. बाबांचा गप्पपणा म्हणजे नुसतं वय. फाटकाबाहेर येऊन पहिला फोन सुताराला — कोठीतला पलंग करायला घ्या.

आता हे लिहिताना कळतंय. आठवडाभर मला जी लाज वाटत होती ती बोलल्याची नव्हतीच, पकडली गेल्याची होती. पकडली गेले नाही म्हटल्यावर लगेच पलंग सांगून मोकळी. शी!

१२ फेब्रुवारी, सोमवार

नाही. बाबा त्यांच्याच खोलीत राहतील. मशिनं हॉलमध्ये. नवरा म्हणाला, "मग आपण बसायचं कुठे?" म्हटलं, उभे राहू. उद्या सुताराला नको म्हणून सांगते. बाबांना यातलं काही कळायलाच नको. देवानं राखली लाज.

१३ फेब्रुवारी, मंगळवार

सुतार म्हणाला, "आता कसं नको म्हणता, ताई? लाकूड कापलंय! कोठी मोजायला आलो ना, तेव्हाच आजोबांनी विचारलं, ही कुणाची सोय? मला काही खोटं बोलता येईना. मग तेच आडवे झाले, म्हणाले, माझं माप घे, आणि मुलीला सांगू नकोस, तिला वाईट वाटेल. आणि चार तारखेच्या रविवारी, पाणबुडी बघून आल्यावर, त्यांचाच फोन — पलंग वीतभर आखूड कर, म्हणजे शेजारी तिचं एक मशीन बसेल. पाय दुमडून झोपता येतं मला."