माझे तीन मीटर

रविवार, ९ जून. संध्याकाळी सात.
पोचलो. बस गावापर्यंतच. पुढे दोन तास चढ, पाठीवर स्वतःची सॅक. फुकट काम करायला आलेल्या माणसाला आधी हमाल करतात. आठवडाभर डोंगरावरच्या कुरणाचा पडका गडगा रचायचा आहे. चुना नाही, सिमेंट नाही, नुसता दगडावर दगड. आराऊ शहराच्या नगरपालिकेत मी एकतीस वर्षं इमारती तपासल्या. मला कोण काय शिकवणार!
संकल्प : रोज साडेपाचला उठणे. चार किलो वजन उतरवणे. शनिवारपर्यंत पुढच्या वर्षीचा गटप्रमुख म्हणून स्वतःचं नाव पक्कं करणे.
संडास बाहेर, फळकुटांचा. भोकातून खालचं सगळं दिसतं. शी.

सोमवार, १० जून.
साडेसातला उठलो (उंचीचा परिणाम). आम्ही सात जण एका खोलीत झोपतो. चौदा मोजे चुलीवर वाळतात, त्यांच्याखाली जवाचं सूप उकळतं. सुपाला वास कशाचा होता, हे मी विचारलं नाही.
कुरण बार्ला काद्रुवी या बाईच्या ताब्यात आहे. वय अडुसष्ट, हात लाकडासारखे. उन्हाळाभर गावाच्या गाई सांभाळते, चीज करते. पहिल्याच वाक्यात मला 'अरे निकलाउस' म्हणाली. इथे वर आलं की सगळे एकमेकांना अरे-तुरे करतात म्हणे, न्यायाधीश आला तरी. ऑफिसात मला साहेबांशिवाय कोणी एकेरी हाक मारली नव्हती.
तिने गडग्यापलीकडची घळ दाखवली. साठ मीटर सरळ खाली. बर्फाने गडगा ढासळला तेव्हा तिने विजेची तार लावली होती. मागच्या वर्षी तिची कालवड तारेसकट खाली गेली. येत्या शनिवारी सात घरांच्या बत्तीस गाई वर येणार. तारीख पुढे जात नाही, कारण खाली तोवर गवत संपतं. हे सांगताना बाई घळीकडे बघत नव्हती. मलाही वाईट वाटलं. ब्रेड फार कडक आहे, हे मी तिला त्याच वेळी सांगून टाकलं.

मंगळवार, ११ जून. दुपार.
प्रत्येकाला तीन मीटरचा तुकडा. शिकवणारा गवंडी ज्येरी. त्याचं म्हणणं, दगडाची लांबी भिंतीच्या आत जायला हवी, बाहेर नुसतं त्याचं डोकं दिसावं. शिवाय मीटरमागे एक लांब दगड आरपार. म्हणजे उत्तम, चपटा, देखणा दगड आत पुरून टाकायचा! मी तो बाहेरच्या बाजूला आडवा लावतो. एका दगडात दुप्पट भिंत झाकली जाते. मध्ये पोकळी राहते, तिथे बारीक खडी ओततो. डोकं वापरलं की काम हलकं होतं.
शेजारच्या तुकड्यावर व्हेरेना. बासलची दातांची डॉक्टर, निवृत्त, वय एकाहत्तर. एक दगड उचलते, फिरवते, परत ठेवते, दुसरा उचलते. कीव आली.
अंगठा ठेचला. काळानिळा. कोणी विचारलं नाही.

बुधवार, १२ जून.
माझे तीन मीटर पूर्ण! व्हेरेनाचा दीड. फोटो काढले, जुन्या ऑफिसच्या ग्रुपवर टाकले. 'शंभर वर्षं टिकेल' असं खाली लिहिलं. दोन अंगठे आले.
ज्येरी आला, बघितलं, डोकं खाजवलं. आरपार दगड कुठे आहेत, असं विचारत होता. आहेत, दिसत नाहीत, असं मी सांगितलं. तपासणीचा अनुभव मला जास्त आहे हे त्याला सौम्य शब्दांत ऐकवलं. तो म्हणाला, उद्या परत बघू. बहुधा गटप्रमुखपदाबद्दल बोलायचं असेल.
रात्री पुन्हा चीज. सकाळी चीज, दुपारी चीज. माझ्या घामालाही आता चीजचा वास येतो. किळस.

गुरुवार, १३ जून.
पाऊस. ज्येरी दिवसभर वरच्या टोकाला अडकला होता. मी विश्रांती घेतली, कारण माझं काम झालं होतं. बाकीचे ओल्या दगडांशी झटत होते, त्यांना दारातून सूचना केल्या. आभार कोणी मानले नाहीत. लोक कृतघ्न असतात. वजन सव्वा किलो वाढल्यासारखं वाटतं.

शुक्रवार, १४ जून. सकाळी अकरा.
इथे गडगा झाला की शेळ्या तपासतात. मी एकतीस वर्षं स्पिरिट लेव्हलने तपासणी केली, आणि इथे शेळ्या!
बार्लाने नऊ शेळ्या एका टोकाला गडग्यावर चढवल्या. त्या माथ्यावरून टपटप चालत आल्या. व्हेरेनाच्या तुकड्यावरून तर धावल्या. माझ्या तुकड्यापाशी पुढची थांबली. एक खूर टेकवला, मागे घेतला. खाली उडी मारली. मागच्या आठही उतरल्या, माझे तीन मीटर वळसा घालून पार केले आणि पुढे पुन्हा वर चढल्या.
नवीन बांधकामाला जनावरं बुजतात, असं मी सांगून पाहिलं.
बार्ला जवळ आली. खालची एक कपची तिने दोन बोटांनी ओढली. आधी खडी ओघळली, मग सगळं पुढे आलं. माझ्या बुटांपर्यंत.
ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.
"अरे, तू भिंतीचं नुसतं तोंड बांधलंस," ती म्हणाली. "गाय अंग टाकते ना, ते भिंतीच्या पोटावर टाकते. तोंडावर नाही."

शुक्रवार, संध्याकाळ.
माझ्या तुकड्याचा पाया पुन्हा खणणं अजून चालू आहे. दोष खडीचा होता. उंची, पाऊस आणि तो ज्येरी, ज्याने नीट शिकवलं नाही, हेही आहेच.
उद्या सकाळी सगळे परत. गाई येणारच. बार्लाला एकटीला तीन दिवस लागतील. तोवर भगदाड उघडं. इथला नियम असा की ज्याचा तुकडा, त्यानेच गाई अडवायला तिथे उभं राहायचं. मी गुडघ्याचं कारण दिलं. मग व्हेरेना म्हणाली, मी थांबते. एकाहत्तर वर्षांची बाई. मी काय करणार? थांबतो म्हटलं.

शनिवार, १५ जून.
बत्तीस गाई आल्या. गळ्यात घंटा, अंगावर माश्या. बाकीचे बसने गेले.
मी भगदाडात, हात पसरून. पाठीमागे घळ. वाकून बघितलं आणि नंतर बघितलं नाही. पायाशी बार्ला दगड रचते आहे. शेणाचा वास तोंडात गेलाय. संध्याकाळी गाई गोठ्यात गेल्या तेव्हा हात खाली येईनात.

रविवार, १६ जून.
दुपारी एक तपकिरी कालवड सरळ माझ्याकडे निघाली. ती आली ती आलीच. कपाळ माझ्या छातीला टेकवलं आणि ढकललं. मी हललो नाही. शौर्य वगैरे नाही, पायच गोठले होते. मग तिने माझं मनगट चाटलं, घाम खारट असतो म्हणून. खरखरीत, लाळेने भरलेली जीभ. किळस आली. हात काढून घेतला नाही.
बार्ला पहार हातात धरून उभी होती. पांढरी पडलेली. पहिल्यांदा घळीकडे बघत होती.

सोमवार, १७ जून.
उभा. कालवड तीनदा आली. दगड लांबीने आत कसा जातो, ते वरून बघत होतो. तेच, जे ज्येरीने मंगळवारी सांगितलं होतं. मी ऐकलं नव्हतं. कोणी वाचणार नाही म्हणून इथे लिहितो.

मंगळवार, १८ जून. दुपारी दोन.
शेवटचा दगड बसला. नऊ शेळ्या वरून टपटप गेल्या. कालवड आली, गडग्याला मान घासली, पुढे चरायला गेली. माझ्याकडे बघितलंही नाही.
गटप्रमुखपदाचं विचारणार होतो. तेवढ्यात बार्ला हात पुसत म्हणाली, "चार दिवस बरा उभा राहिलास रे. आता जा घरी. भिंत झाली."
सॅक भरली आहे. चारची बस आहे. अजून इथेच उभा आहे.