प्रॉडक्टिव्ह : वाक्यात उपयोग

३ जून, सोमवार
नोकरीचा पहिला दिवस. इंग्रजी-मराठी कोशाचं काम. एका शब्दाला एक कार्ड : वर शब्द, मग अर्थ, खाली वाक्यात उपयोग. मला साठ शब्द, मुदत २८ तारीख. झाले तर कायम. नाही तर परत बाबांच्या घरी, त्याच जेवणाच्या टेबलाशी, जिथे बसवून त्यांनी मला दहावीपर्यंत शिकवलं. दिवसाला चार धरले तरी पंधरा दिवसांत हातावेगळे. शेवटचा आठवडा उजळणीला. पहिला शब्द, प्रॉडक्टिव्ह. शुभशकुन.

४ जून
अर्थ झाला : ‘ज्यातून काही निष्पन्न होते असा.’ वाक्यही लगेच सुचलं : ‘आजचा दिवस प्रॉडक्टिव्ह गेला.’ पेन टेकवलं आणि थांबले. गेला का? नाही. बाबांचा नियम, जे खरं नाही ते वाक्य म्हणूनही लिहायचं नाही. सातव्या वर्षी वहीत ‘माझा भाऊ उंच आहे’ असं लिहिलं होतं. ‘मला भाऊ नाही’ हे शंभर वेळा लिहून घेतलं होतं त्यांनी. हाच तर पाया. उद्याचा दिवस तसा घालवीन, मग लिहीन. एका दिवसाचा तर प्रश्न.

६ जून
दिवस तसा गेला नाही, कारण कार्ड झालं नाही. कार्ड झालं नाही, कारण दिवस तसा गेला नाही. उद्या नक्की.

१० जून
इथला नियम : प्रत्येक कार्ड शेजारच्या टेबलावरच्याने तपासून सही करायची. शेजारच्या ताई इथे बावीस वर्षं आहेत. त्यांचं पंक्चुअलचं कार्ड आलं : ‘माझे पती पंक्चुअल आहेत.’ विचारलं, आहेत का हो? म्हणाल्या, कसले डोंबलाचे! स्वतःच्या लग्नाला उशिरा आले. मग मी सही कशी करणार? कार्ड परत केलं. म्हणाल्या, अगं बाई, हा कोश आहे, कोर्टातली साक्ष नव्हे. आणि कार्ड फाडलं. पटलं असावं त्यांना.

१४ जून
वाक्य स्वतःबद्दलच हवं असं कुठे आहे? ‘बाबांची शिकवणी प्रॉडक्टिव्ह ठरली.’ छान. पण ठरली का, ते माझ्यावर अवलंबून. माझं, या कार्डावर. थांबावं लागेल.
संध्याकाळी त्यांचा फोन. किती झाले? म्हटलं, एकाच्या तळाशी जातेय. म्हणाले, शाब्बास, घाई नको.

१९ जून
संपादक सरांनी बोलावलं. म्हणाले, तीस वर्षांत असं काम पाहिलं नाही. इतकं कौतुक अपेक्षित नव्हतं. ताई खिडकीकडे तोंड करून खोकत होत्या. उद्यापासून दिवसाला नऊ.

२४ जून, सकाळी १०
टेबल आवरलं. पेन्सिलींना टोक केलं. आता दिवसाला बारा.

२४ जून, दुपारी ४
ताई खुर्ची ओढून जवळ बसल्या. म्हणाल्या, लिही ना, ‘ही गाय प्रॉडक्टिव्ह आहे.’ विचारलं, कोणती गाय? त्यांनी कपाळाला हात लावला. मग हळूच म्हणाल्या, पोरी, काहीतरी खरड आणि पुढचं घे, नोकरी जाईल गं. घाईघाईत मीही त्यांच्यासारखं चुकावं, असं वाटत असेल. माणसाचा स्वभाव.

२८ जून
सर म्हणाले, सोमवारपासून येऊ नका. माझे शब्द ताईंकडे दिले. त्यांनी दुपारपर्यंत बारा उडवले. प्रॉडक्टिव्हच्या वाक्यात गायच आली.
निघताना ताईंचं एक कार्ड माझ्या टेबलावर. शब्द, अनप्रॉडक्टिव्ह. नियमाप्रमाणे तपासायला. वाक्य : ‘नव्या मुलीचा अख्खा महिना अनप्रॉडक्टिव्ह गेला.’
तीनदा वाचलं. शुद्धलेखन बरोबर. मग दुसरं पाहिलं, खरं आहे का?
‘तपासले’ लिहून सही केली. ताईंनी कार्ड घेतलं, पण माझ्याकडे बघितलं नाही.
बाबांना फोन केला. किती झाले? म्हटलं, एकही नाही. म्हणाले, जेवणाचं टेबल पुसून ठेवतो.