ठेकेदारसाहेब

आबा, धुळ्याच्या कोर्टात त्या दिवशी तुम्हाला खुर्ची दिली आणि तिथेच आपलं घर बसलं.

जिनिंग कारखान्यातल्या यंत्रांचे चामडी पट्टे शिवून चढवायचं काम तुमच्याकडे उक्तं होतं. देवपुरात गल्ली तुम्हाला ठेकेदार म्हणायची, तुम्ही मिशीतल्या मिशीत हसायचात. कारखान्यात मात्र मॅनेजर ओरडायचा, "ए पट्टेवाल्या!" पट्टेवाला म्हणजे शिपाई, हुकमाचा ताबेदार. ती हाक ऐकून आलात की घरी ताट सरकवायचात. माय म्हणायची, पट्टे शिवतात म्हणून पट्टेवाला, त्यात काय एवढं?

त्याच मॅनेजरने इंजिन बंद न करता पट्टा चढवायला लावला. उजवा हात कोपरापासून गेला. भरपाई कामगाराला मिळते, ठेकेदाराला नाही, हे आपल्या वकिलांनी घरी येऊन समजावलं होतं. "आता राज्य आपलं आहे, कोर्ट ऐकेल. एवढंच सांगा, बोलावलं की जायचो, सांगतील तसं करायचो. हाक काय मारायचे, तेही सांगा." माय विनवत होती, "एक डाव म्हनी टाका, मी नोकर शे." तुम्ही मान डोलावलीत.

कोर्टातली ती खोली अजून दिसते. मी मायला चिकटून बाकावर बसले आहे. कारखान्याचा वकील उठतो, हात जोडतो, "या ठेकेदारसाहेब, बसा." तुमची पाठ ताठ होते. रिकामी बाही तुम्ही सदऱ्याच्या खिशात खोचता. तो विचारतो, "कारखान्यात तुम्ही कोण?" माय ओठ चावते. आणि तुम्ही, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणता, "मी कोनाबी नोकर नही. ठेकेदार शे मी." त्याने पुढे काहीच विचारलं नाही. त्याला गरजच उरली नव्हती.

दावा गेला. माय त्याच कारखान्यात कापूस निवडायला जाऊ लागली, माझी शाळा सुटली. तुम्ही भिंतीकडे तोंड करून पडून राहायचात, आणि तसेच गेलात. मला तुमचा राग आला, आबा, अजून येतो. इतकी वर्षं 'पट्टेवाल्या' म्हणून ज्या नावाने त्यांनी तुम्हाला राबवलं, ते नाव त्यांनी कोर्टात लपवलं आणि तुम्ही लपवू दिलंत.

तुम्हाला वाचता येत नव्हतं. हे पत्र पोचलं असतं तरी मलाच वाचून दाखवावं लागलं असतं, आणि तेवढा धीर माझ्यात नाही. परवा नातवाने विचारलं, तुझे वडील काय करायचे? पट्टे शिवायचे, असंच म्हणणार होते. तोंडातून निघालं, "ठेकेदार होते." म्हणताना माझीही पाठ ताठ झाली.